जावयाच्या मापाचं बेसिन

अक्काच्या ब्लाउजच्या बाह्या सकाळी कायम ओल्या असायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, बाई बेंगरूळ आहे. बेंगरूळपणा तिचा नव्हता, तिच्या घरच्यांचा होता.

अक्का म्हणजे माझी बंगळूरच्या बनशंकरी भागात राहणारी मावशी. भाजीवाल्यापासून आम्हा भाच्यांपर्यंत सगळेच तिला अक्का म्हणत. तिची उंची बेताची म्हणणंही उदारपणाचं. बेसिन तिच्या छातीशी यायचं. तोंडावर पाणी मारायला हात वर केले की पाणी कोपरावरून थेट बाहीत.

आधी बेसिन एवढं उंच नव्हतं. लेकीच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला जावई तोंड धुवायला वाकले आणि "कंबर धरते हो," म्हणाले. उंच माणूस, सहज बोलून गेला. पण दिवाळी सरताच काकांनी सुतार बोलावला आणि बेसिन खालच्या कपाटासकट वीतभर वर चढवायला सांगितलं. "स्वल्प बन्नि, अक्का," म्हणत सुतारानं उंची बघायला मावशीला जवळ बोलावलं, तर काका म्हणाले, "तिचं काय बघतोस? जावयांच्या मापानं लाव." वर्षातून चार दिवस येणाऱ्या माणसासाठी रोजच्या माणसाला टाचा उंचवायला लावल्या. हे आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

बरं, ही बाई काही गरीब गाय नव्हती. जास्त पैसे मागणाऱ्या रिक्षावाल्याला कन्नडमधून अशी झाडायची, की तो मुकाट्यानं मीटर टाकायचा. गल्लीतला दिवा लागत नाही म्हणून तिनं एका साहेबाला ऑफिसातून आणून अंधारात उभं केलं होतं. घरात मात्र तिचं एकच पालुपद, "होतंय की." मला त्याचा संताप यायचा. काय होतंय, अक्का? प्लास्टिकच्या स्टुलावर चढून चूळ भरतेस, याला होणं म्हणतात?

काकांशी मी भांडले. "अर्ध्या दिवसाचं काम आहे, खाली घ्या."

"परत टाइल्स फोडायच्या? आणि दिवाळीला ते आले म्हणजे?"

त्या दिवाळीला ते राहायला आलेच नाहीत. विमानतळ जवळ पडतो म्हणून हेब्बाळला हॉटेलात उतरले आणि बनशंकरीला फक्त जेवून गेले.

पुढे एका सकाळी ओल्या फरशीवर स्टूल सरकलं. अक्काचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात काकांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" अक्का पहिल्यांदाच "होतंय की" म्हणाली नाही.

"आता जावयांनाच बोलवा," ती म्हणाली, "माझं तोंड धुवायला."

मला बरं वाटलं, आणि रडूही आलं. एवढं बोलायला हाड मोडावं लागलं.

काकांनी त्याच आठवड्यात सुतार आणला. माप घ्यायला अक्का घरात नव्हती. "तिचं डोकं माझ्या इथं येतं," काकांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. बेसिन खाली आलं, अक्का आली नाही. ऑपरेशननंतर छातीत कफ झाला आणि ती दवाखान्यातूनच गेली.

तेराव्याला जेवणानंतर जावई हात धुवायला वाकले. "बाबा, हे फारच खाली झालंय."

काका टॉवेल घेऊन शेजारीच उभे होते.

"वाका. होतंय की," ते म्हणाले आणि टॉवेल खांद्यावरच ठेवून बाहेर गेले.

माझा राग तेवढ्यानं गेला नाही.