पाठ दिसेपर्यंत

बाळापूरच्या किल्ल्यापाशी तेव्हा मी पेरूंची हातगाडी लावायचो. कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती, आणि गावात शिरणारा परका माणूस हमखास एखादं नवं औषध खपवायला आलेला असायचा. हा मात्र दुर्बीण घेऊन आला. संध्याकाळी दरवाज्यासमोर मान वर करून उभा राहायचा. पेरू घ्यायचा, वरचं तिखटमीठ झटकून टाकायचा. मीठ झटकणाऱ्या माणसावर माझा तसाही भरवसा नाही.

शेवटी मीच विचारलं, "काय पाहून राहिले जी?"

"पाकोळ्या."

माझ्या लेखी पाकोळी म्हणजे कपाशीवर अंडी घालणारा पतंग. म्हटलं, "मंग औषध विकाले आलो म्हणून सरळ सांगत काहून नाई? आमाले नाई पाहिजे!"

तो हसला. बुरुजावर गरगरणाऱ्या काळ्या पाखरांकडे बोट करून म्हणाला, "या पाकोळ्या. यांत दोन जाती आहेत. किल्ल्यात राहते तिच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो, ताडावर राहते तिच्या नसतो. वळून पाठ दाखवेपर्यंत थांबायचं."

पाखरांच्या पाठी पाहायला कोणी एवढ्या लांब येतं? मला पटेना. तो निघाला तशी मी मुद्दाम त्याचीच पाठ पाहिली. खांद्यावरच्या थैलीवर पांढऱ्या अक्षरांत फवारणीच्या औषधाचं नाव होतं.

"सापडला!" मी म्हणालो.

मग उरलेले पेरू भरायला माझी थैली काढली. तिच्यावरही तेच नाव होतं. कृषी केंद्रवाल्यांनी तालुकाभर फुकट वाटलेली थैली ती.

ती पाठीवर टाकून घरी निघालो, आणि कोणी माझी पाठ पाहतंय का म्हणून दोनदा मागं वळून पाहिलं.