नंदकुमार साव्यांची सायकल

नंदकुमार साव्यांचे पाय दारात अडायचे. मोकळ्या जागेत ते कसेबसे चालत, पण दाराची चौकट समोर आली की तळवे फरशीला डिंकाने चिकटवल्यासारखे होत. मन केव्हाच पलीकडे पोचलेलं असे, धडही पुढे झुकलेलं असे, पाय तेवढे मागे. मागून कोणी ‘चला ना काका’ म्हटलं की ते आणखीनच घट्ट रुतत. कंपवाताने त्यांच्या हाताला थरथर दिली होती, आवाज बारीक करून टाकला होता, चेहऱ्यावरचं हसू पुसलं होतं. ते सगळं त्यांनी सोसलं. पण दारात खांबासारखं उभं राहणं त्यांना फार लागे.

बायको राधा गेली त्यानंतर मुलीने, मधुवंतीने, त्यांना आपल्याकडे पुण्याला नेण्याचा हट्ट धरला होता. नंदकुमारांनी ऐकलं नाही. “तुझ्या घरात दारं किती आहेत बघ. वृद्धाश्रमातल्या खोलीला एकच असतं,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला आणि मुलुंडची जागा बंद करून ते बोरिवलीच्या वृद्धाश्रमात येऊन राहिले. मधुवंती फोनवर रडली. तेही नंतर रडले, पण ते तिला कळू दिलं नाही.

खोलीत त्यांच्याबरोबर भिकाजी होते. मढचे कोळी. उभा जन्म होडीवर गेलेला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. काचबिंदूने नजर मंदावली तेव्हा पुतण्याने त्यांना इथे आणून सोडलं. पहिल्याच दिवशी भिकाजींनी विचारलं, “काय रे, दारात पहारा देतोस काय?” नंदकुमारांनी आजार सांगितला. भिकाजींनी थोडा विचार केला आणि आपला पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवला. “हा ओलांड.” नंदकुमारांनी ओलांडला, आणि ते दाराबाहेर होते. त्यानंतर तो रोजचाच रिवाज झाला.

वृद्धाश्रमात वेळ घालवायला पुष्कळ काही होतं. निशा नावाची मुलगी फिजिओथेरपिस्ट होती आणि सगळे कार्यक्रमही तीच ठरवायची. सोमवारी भजन, मग खुर्चीवरचे व्यायाम, हाउजी, चित्रं रंगवणं. नंदकुमारांना रंगकामाचा तिटकारा होता. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर ड्राफ्ट्समनचं काम केलेलं. केसाइतकी बारीक रेघ मारणाऱ्या हाताने आता मोराच्या पिसाऱ्याबाहेर रंग सांडायचा, आणि निशा म्हणायची, “झकास झालंय, काका.” ते कागद उलटा करून ठेवत.

त्या कारखान्यात ते मुलुंडहून सायकलने जात. बरोबरच्या लोकांनी स्कूटरी घेतल्या, पुढे गाड्या घेतल्या. नंदकुमारांची सायकल सुटली नाही. तरुणपणी तर रविवार उजाडला की ते घोडबंदरच्या रस्त्याला लागत, नाहीतर कसारा घाट चढून जात. राधाला बघायला बोरिवलीला गेले तेही सायकलवरूनच. घामाने भिजलेला मुलगा दारात बघून होणाऱ्या सासऱ्यांनी पाण्याच्या तांब्याआधी टॉवेल पुढे केला होता. राधा ती गोष्ट आल्यागेल्याला सांगायची. आजार आल्यावर मधुवंतीने सायकल कोणाला तरी देऊन टाकली. आता तोल जाणार, हे उघडच होतं. नंदकुमारांनीही अडवलं नाही.

डिसेंबरात निशाने सहल काढली. कुठे लांब नाही, जवळच्याच नॅशनल पार्कात. बस ठरली, थर्मास भरले, इडल्यांचे डबे घेतले. नंदकुमार चाकाच्या खुर्चीतून निघाले. झाडांखाली सतरंज्या पसरल्या, बायकांनी गाणी सुरू केली. भिकाजी डोळे मिटून पाखरांचे आवाज ऐकत बसले.

रस्त्याच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या सायकली उभ्या होत्या. नंदकुमार त्यांच्याकडे पाहत राहिले. बराच वेळ पाहून झाल्यावर त्यांनी निशाला खुणेने बोलावलं.

“मला एकदा सीटवर बसायचंय,” ते म्हणाले.

निशाला आधी ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा तिने साफ नाही म्हटलं. पडलात तर हाड मोडेल, मधुवंतीताईंना मी काय तोंड दाखवू, असं बरंच बोलली. नंदकुमारांनी वाद घातला नाही. फक्त नजर सायकलींवरून काढली नाही. निशा गेली, इडल्या वाटल्या, परत आली. तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. कॉलेजात सरांनी कधीतरी ओझरतं सांगितलेलं तिला आठवत होतं, की कंपवाताच्या काही माणसांना चालता येत नाही पण सायकल जमते. तेव्हा तिला ते खरं वाटलं नव्हतं.

“बसू दे गं त्याला,” भिकाजी डोळे न उघडता म्हणाले. “पडला तर सांग, भिकाजीने ढकलला.”

मग निशाने बसच्या ड्रायव्हरला, सहदेवला, हाक मारली. मधला दांडा नसलेली बुटकी सायकल आणली. एका बाजूने निशा, दुसऱ्या बाजूने सहदेव. नंदकुमारांचा पाय उचलून पलीकडे टाकताना दोघांची दमछाक झाली. ते सीटवर बसले, वाकलेले, थरथरणारे. निशा म्हणाली, “बसलात ना? आता उतरा.”

नंदकुमारांनी उजवा पाय पेडलवर ठेवला.

पुढे जे झालं ते त्यांना नंतर कितीतरी वेळा आठवून पाहावं लागलं, कारण त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. पेडल खाली गेलं. ते खाली गेलं म्हणून दुसरं वर आलं, आणि त्यावरचा पाय न सांगता खाली गेला. मग पहिला. कुठेच काही अडलं नाही. ज्या पायांची त्यांनी वर्षानुवर्षं मनधरणी केली होती, ते पाय त्यांना न विचारता गोल गोल फिरत होते. पाठ सरळ झाली. हँडल धरलेले हात थरथरायचे थांबले. निशा आणि सहदेव दोन्हीकडून पळत होते, मग नुसती निशा पळत होती, मग मागे नुसता तिचा आवाज राहिला.

वारा तोंडावर लागला. झाडं दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागली. आपण स्वप्नात आहोत की काय म्हणून त्यांनी मुद्दाम घंटी वाजवली. रस्त्यावरून चाललेलं एक कुटुंब बाजूला झालं. त्यांना काय ठाऊक, की जाणाऱ्या या म्हाताऱ्याला सकाळी संडासाच्या दारातून बाहेर पडता आलं नव्हतं.

वळणावर त्यांनी सायकल वळवली. वेग किती कमी करायचा, अंग कुठे झुकवायचं, काही विचार करावा लागला नाही. ते परत येताना दिसले तेव्हा सतरंजीवरचं गाणं थांबलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका आजींनी हात जोडले. निशा रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

“काय झालं? कोणी सांगाल काय?” भिकाजी विचारत होते.

सहदेवने सायकल धरली, निशाने नंदकुमारांना धरलं. त्यांनी एक पाय जमिनीवर टेकला, दुसरा टेकला, आणि पाऊल उचलायला गेले. पाय चिकटले. तसेच, सकाळसारखे. नंदकुमारांनी खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचे आहेत. निशाला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. पण ते हलक्या आवाजात म्हणाले, “निशा, हे गेले नाहीत गं. आत आहेत.”

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की मेंदूत चालण्याची वाट वेगळी असावी आणि सायकलची वेगळी. पेडलची लय पायाला पुढची खूण देते. नंदकुमारांनी विचारलं की मग दुसरी वाट बंद का पडली नाही. डॉक्टर हसले आणि म्हणाले, ते पूर्णपणे कोणालाच कळलेलं नाही. हे उत्तर नंदकुमारांना फार आवडलं.

मधुवंती आधी फोनवर ओरडली. मग पुण्याहून आली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तीन चाकांची सायकल घेऊन दिली. तोल जायची भीती नको म्हणून. चित्रं रंगवण्याच्या वेळात नंदकुमार आता आवारात फेऱ्या मारतात. मागे मोठी टोपली आहे, तिच्यातून स्वयंपाकघरात भाजी पोचते. आजार काही थांबलेला नाही. गोळ्या वाढल्या आहेत, आवाज आणखी खाली गेला आहे, आणि कधीतरी सायकलही सुटेल हे त्यांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

रोज सकाळी पेडलवर पाय ठेवल्यावर ते क्षणभर थांबतात. आज होईल की नाही, ठाऊक नसतं. मग पेडल खाली जातं, दुसरं वर येतं, आणि नंदकुमार सावे आपल्या पायांकडे नव्याने अचंबित होऊन बघत राहतात.