अठ्ठेचाळीस तास आधी टाकलेला दुपट्टा

बाबा गेल्यावर वर्षभर आई उमरेडबाहेर पडली नव्हती. यंदा बंगळुरूच्या ताईने आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढली, तेव्हा आईने एकच अट घातली.

"खिडकी पाहिजे. तुह्या बाबाची खाण वरतून पाहाची आहे मले."

बाबा उमरेडच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. घरी खाणीच्या गोष्टी रोज, पण आम्ही ती कधी पाहिली नव्हती.

जाताना घोळ मीच केला. ऑनलाइन चेक-इन विमानतळाकडे जाताना, वर्धा रोडवर टॅक्सीत बसून केलं. उरलेल्या जागा मधल्या, त्याही वेगवेगळ्या रांगांत. उतरल्यावर आई म्हणाली, "सारा रस्ता समोरच्या खुर्चीची पाठ पाह्यली. तुह्या बाबानं गाडी थांबायच्या आधी खिडकीतून दुपट्टा टाकला असता. तू काय करून राहिला होता?"

एसटी स्टँडवर जागा धरायला बाबा खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून सीटवर टाकायचे; तो कधी चुकला नाही.

बंगळुरूत चार दिवस छान गेले. सांबार खाऊन आईने ताईला विचारलं, "वरणात गूळ काहून टाकला वं?" आणि दोन वाट्या प्यायली. तिसऱ्या दिवशी म्हैसूर. पहाटे निघा, नाहीतर शहरातून बाहेर पडण्यातच सकाळ जाते.

परतीचं विमान दुपारी दोन दहाचं. आमच्या विमान कंपनीचं चेक-इन अठ्ठेचाळीस तास आधी उघडत होतं. तुमच्या तिकिटाचं आधी तपासून घ्या. मी गजर लावला होता. तो वाजला तेव्हा आम्ही म्हैसूरच्या राजवाड्यापाशी चपला ठेवायच्या रांगेत होतो. पुढच्या खिडक्यांना जास्तीचे पैसे होते, पण शेवटच्या रांगांतल्या फुकट होत्या. पंखाच्याही मागे, म्हणजे खाली बघायला मोकळ्या. दक्षिणेकडून नागपूरला येताना उमरेड उजव्या हाताला, म्हणून उजवी खिडकी आणि तिच्या शेजारची जागा घेतली.

"रांगेत फोन काहून खेळून राहिला गा?"

"दुपट्टा टाकला, आई. खिडकी मिळाली."

तिने मागच्या अनोळखी बाईंनाही सांगितलं, "माह्या पोरानं खिडकी धरली!"

विमान खाली येऊ लागलं तेव्हा आईचं कपाळ काचेला टेकलेलं होतं. हिरव्या शेतांमध्ये एक काळा, पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा दिसला. त्यात पिवळे ठिपके हळूहळू सरकत होते.

"डंपर आहेत का ते?"

"हो."

"एवढेसे?" ती हसायला लागली. डोळे पुसत परत हसली. "एवढ्याशा गाडीचा केवढा रुबाब होता गा तुह्या बाबाले! जेवाले बसला तरी हॉर्न वाजवल्यासारखा हाक मारे."

मीही हसलो. वर्षभरात बाबांचं नाव निघून आम्ही दोघं एकत्र हसलो, ते पहिल्यांदाच. पुढच्या रांगेतले एक काका वळून बघत होते. बघू दिलं.

नागपूरच्या स्टँडवर उमरेडची एसटी लागत होती. मी बॅगा उचलेपर्यंत आई पुढे गेली होती. पिशवीतून तिने बाबांचा दुपट्टा काढला आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून आत भिरकावला. तो सोबत आणलाय, हे मला ठाऊक नव्हतं.

मी चढलो तेव्हा ती आतल्या बाजूला बसली होती.

"बस खिडकीशी," म्हणाली. "माह्यं पाहून झालं."