दुरुस्तीचा रकाना

"केलेलं काम कशाला लिहायचं, गाडी गेली म्हणजे झालं की," असं आप्पा एकदा लेकीला म्हणाले होते.

त्याला अकरा वर्षं झाली. लेक तेव्हा रेल्वेच्या फाट्यावरच्या एका गोदामातल्या कंपनीच्या कचेरीत नुकतीच कारकून म्हणून लागली होती, आणि पहिल्याच आठवड्यात मालकांनी तिच्यापुढे एक जाड नोंदवही आणून ठेवली होती. वहीत चार रकाने होते : तारीख, किलोमीटर, दोष, दुरुस्ती. आप्पा रूळ तपासत चालायचे आणि खिशातल्या डायरीत पेन्सिलीने दोष टिपून ठेवायचे. दर शनिवारी ती डायरी समोर घेऊन लेकीने नोंदवही सुवाच्य अक्षरात भरायची. पहिले तीन रकाने भरले. चौथ्यासाठी डायरीत काहीच नव्हतं. तिने विचारलं तेव्हा त्यांनी हे उत्तर दिलं. नवी नोकरी, त्यात समोर बाप. रकान्यावरून कोण वाद घालणार? तो कोराच राहिला.

मालगाडीचा तो फाटा बावन्न किलोमीटरचा. मोठ्या रेल्वेने नको म्हणून टाकून दिलेला, एका लहान कंपनीने चालवायला घेतलेला. जंक्शनपासून निघून तो शेतांमधून जायचा, वाटेत पाच गोदामं घ्यायचा आणि सहाव्यापाशी गवतात संपायचा. जाताना वाघिणींमध्ये खत, येताना मका आणि गहू. कंपनीकडे इंजिनं दीड. एक चालायचं, आणि ते चालावं म्हणून दुसऱ्याचे सुटे भाग निघायचे. हे दीडचं गणित लेकीच्या मामाचं. मामा त्या एका इंजिनाचा ड्रायव्हर होता, आणि गप्प बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं.

आप्पांना सगळा फाटा 'डॉक्टर' म्हणायचा, तेही मामानेच ठेवलेलं नाव. लांब दांड्याच्या हातोडीने ते रुळावर हलकेच ठोकायचे, मान किंचित तिरकी करून ऐकायचे आणि पुढे व्हायचे. धड रूळ वाजायचा, तडा गेलेला नुसताच ठक्क व्हायचा.

"काय दाजी, पेशंट कसा आहे?" मामा इंजिनातून ओरडायचा.

"श्वास चालू आहे. तू मात्र छातीवरून सावकाश जा."

दोष सापडला की आप्पा रुळाच्या कडेला चुन्याची पांढरी खूण करायचे. खूण दिसली की मामा गाडी हळू घ्यायचा, अगदी चालत्या माणसाच्या गतीने. मग आप्पा बोल्ट आवळायचे, खडी ठोकून भरायचे, दोन रूळ जोडणारी एखादी फिशप्लेट बदलायची असली तर जंक्शनहून दोन गडी बोलवून बदलायचे, आणि शेवटी पाठीवरच्या पिशवीतून ओलं फडकं काढून ती खूण स्वच्छ पुसायचे. खूण नाही, म्हणजे काळजी नाही. एवढ्यावर सगळा फाटा चालायचा. लिहायचं ते विसरू नये म्हणून. काम उरकलं की मग ते विसरायला मोकळे. एवढी वर्षं गाडी एकदाही घसरली नाही. त्याचं कुणाला कौतुकही वाटलं नाही. न घसरलेल्या गाडीकडे कोण बघतं?

परवाना दर दहा वर्षांनी नवा करून घ्यावा लागे. या खेपेला सुरक्षा खात्याचं पत्र आलं : दहा वर्षांच्या तपासणीच्या नोंदवह्या सादर कराव्यात, शनिवारी सकाळी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी. मालक खुशीत होते. "दुसऱ्या फाट्यांवर वह्याच सापडत नाहीत," ते लेकीला म्हणाले. "आपल्याकडे एक दिवस चुकलेला नाही. तुझ्या अक्षराचं चीज होणार बघ."

शुक्रवारी दुपारी तिने दहा वह्या कपाटातून काढून पुसल्या. पुसता पुसता एक चाळली, मग दुसरी. डाव्या बाजूला तिचं वळणदार अक्षर, ओळीखाली ओळ, आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा. दर शनिवारी एकेक पान बघताना तो कधी खुपला नव्हता. दहा वर्षांचा पट्टा एकदम बघितला आणि तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

वह्या पिशवीत घालून ती तशीच घरी आली. आप्पा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बुटांचे तळवे चाकूने खरवडत होते.

"आप्पा, चौथा रकाना भरू का? माझंच अक्षर आहे. आत्ता बसले तर सकाळपर्यंत होईल."

"काय लिहिशील?"

"त्याच दिवशी दुरुस्त केलं, असं. खरंच आहे की ते."

आप्पांनी चाकू खाली ठेवला. वही मांडीवर घेऊन तिची पानं उलटत राहिले. "हे बघ, हे एकविसाव्या किलोमीटरचं. हे त्याच दिवशी झालं नव्हतं. प्लेट नव्हती. तिसऱ्या दिवशी केलं का चौथ्या, ते आता आठवत नाही."

"मग तिसऱ्या दिवशी लिहिते."

"त्या वेळी लिहिलं असतं तर खरं होतं, बाळ. आज लिहिलं तर ते खोटं होईल. काम तेच, पण लिहिणं खोटं."

"तुमच्या खरेपणापायी फाटा जाईल."

"इतकी वर्षं गेला नाही," ते म्हणाले आणि दुसरा बूट उचलला.

पेन तिच्या पर्समध्ये होतं. ती रात्र जागली असती तरी त्यांना कळलं नसतं. पण त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि लहानपणापासून या घरात त्यांचं 'नाही' हे फारच कमी वेळा यायचं. तिने पिशवीची गाठ मारून टाकली.

शनिवारी आप्पा पहाटेच बाहेर पडले होते. सुनावणीला ते थेट रुळावरूनच आले. हातोडी आणि पाना त्यांनी शाळेच्या हॉलच्या दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवले, आणि सवयीने डायरी लेकीच्या हातात दिली. शेवटची नोंद त्याच सकाळची होती : एकतिसावा किलोमीटर, जोडाचा एक बोल्ट सैल.

"आवळला?" तिने हळूच विचारलं.

"दहा वाजत आले होते. खूण केली आहे."

हॉलमधल्या खुर्च्या लहान मुलांच्या होत्या. सहा गोदामांचे राखणदार आणि आसपासचे शेतकरी गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मक्याची भरणी तोंडावर होती. फाटा बंद झाला तर शेवटच्या तीन गोदामांचा माल ट्रकने जंक्शनला न्यावा लागणार होता, आणि तिथला रस्ता दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला शेतात उतरवणारा. म्हणजे ती तीन गोदामं बंदच.

अधिकारी पन्नाशीचे, शांत होते. कुणावर आवाज चढवायला आले आहेत असं वाटत नव्हतं.

"मी काल पूर्ण फाटा ट्रॉलीवरून पाहिला," ते म्हणाले. "स्थिती बरी आहे, माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलीच. पण परवाना एका दिवसाच्या स्थितीवर देता येत नाही. तो नोंदींवर मिळतो. सकाळी वह्यांच्या शेवटच्या पानांवरच्या बेरजा मांडल्या : दहा वर्षांत तीन हजार एकशे बारा दोष नोंदवलेत. दुरुस्तीची नोंद एकही नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. लेकीने खाली बघितलं. तीन हजार एकशे बारा. प्रत्येक ओळ तिने मान मोडून लिहिली होती.

मामा उभा राहिला. तिला वाटलं, आता हा नको बोलायला.

"साहेब, मी बावीस वर्षं या फाट्यावर गाडी चालवतो. एकदा घसरलेली नाही. बैलगाडीसुद्धा घसरते, माझी गाडी नाही."

"वेग किती असतो?"

"बऱ्याच ठिकाणी चार-पाच किलोमीटर."

"इतका कमी का?"

"दाजींची खूण असते ना. खूण असली की आपण हळू."

"म्हणजे दोष आहे हे माहीत असताना गाडी नेता."

मामाने तोंड उघडलं आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. तो खाली बसला, तेव्हा खुर्ची करकरली.

"तपासनीस कोण?"

आप्पा उभे राहिले.

"हे दोष तुम्ही दुरुस्त केलेत?"

"केले."

"सगळे?"

"आजचा सोडून सगळे."

"पुरावा काय?"

आप्पांनी थोडा विचार केला. "पुढच्या दिवशी गाडी गेली की."

कोणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. "मला तुमचं म्हणणं समजतं," ते म्हणाले. "पण कागदावर याचा अर्थ वेगळा होतो. दोष तसाच असताना गाडी गेली, असा. तीन हजार वेळा. मी सही केली आणि उद्या काही झालं, तर जाब मलाच द्यावा लागेल. खुणा तरी आहेत का कुठे?"

"पुसतो मी त्या."

"पुसता?"

"काम झाल्यावर."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि परत घातला. लेकीला त्यांचा राग यावा असं फार वाटत होतं. पण येत नव्हता. त्यांच्या जागी तीही हेच बोलली असती. ती उठली. "साहेब, वह्या मी लिहिल्यात. रकाना मी कोरा सोडला. चूक माझी धरा."

"चूक कुणाची हे ठरवायला मी आलेलो नाही, ताई. वही काय सांगते एवढंच मला बघता येतं."

शेवटच्या गोदामाचा राखणदार मागून म्हणाला, "डॉक्टर, एवढं लिहिलंत. आणखी एक शब्द लिहायला काय शाई संपली होती?"

त्याच्या गोदामापुढचा रूळ आप्पांनी गेल्या पावसात पाण्यात उभं राहून सावरला होता. त्याला ते ठाऊक होतं, आप्पांनाही ठाऊक होतं. आप्पा त्याच्याकडे बघून काही बोलतील म्हणून सगळे थांबले. ते खाली बसले.

अधिकाऱ्यांनी निर्णय वाचून दाखवला. परवाना नाकारला जात होता. वाहतूक आजपासून स्थगित. मामाच्या गाडीच्या भरलेल्या अकरा वाघिणी सहाव्या गोदामात उभ्या होत्या. त्या एकदाच, शेवटच्या, जंक्शनला आणायची परवानगी होती, आज दुपारी तीन वाजता. नंतर रूळ उखडून काढायचे की ठेवायचे, ते कंपनीने बघावं.

मालक भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होते. मामा दोन्ही हातांत टोपी पिळत होता. अधिकाऱ्यांनी वह्या एकावर एक नीट रचून लेकीकडे सरकवल्या. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर ते म्हणायला नको होतं असं त्यांनाच वाटलं असावं.

तिने वह्या पोटाशी धरल्या. त्यांच्यावर आप्पांची डायरी होती. एकतिसावा किलोमीटर, जोडाचा एक बोल्ट सैल. डायरीत पेन्सिल अडकवलेली होती. तिने ती काढून डायरीसकट आप्पांपुढे धरली. काय म्हणायचं ते तिलाही ठरवता आलं नव्हतं.

आप्पांनी डायरी घेतली नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा झाले होते. आपली खुर्ची त्यांनी उचलून रांगेत सरळ ठेवली, खुर्च्यांमधून वाट काढत ते दारापाशी गेले, भिंतीला टेकवलेला पाना आणि हातोडी उचलली, आणि एकतिसाव्या किलोमीटरच्या दिशेने निघाले.