विषारी, हात लावू नये

मंगळवारी सकाळी साडेसहाला माझे पती गेले. सात वाजता नळाला पाणी आलं. मी टाकी भरून घेतली.

विमा कंपनीच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो आणि निवृत्तीनंतरही प्रताप नगरमध्येच राहिलो. यांच्या मागे घर होतं, पुस्तकं होती (ती माझी) आणि पोर्चमध्ये एक म्हातारी गाडी होती. तिचं इंजिन गार ठेवणं हे यांचं रविवारचं व्रत. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या झाकणावर जुना नॅपकिन टाकून ते उघडायचं, पातळी बघायची, रबरी पाईप चाचपायचे. नळाचं पाणी चालायचं नाही. इथल्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच आतही बसतो. मी शाळेत ग्रंथपाल होते, त्यामुळे माझं काम खुर्चीत बसून गाडीचं माहितीपुस्तक मोठ्याने वाचण्याचं. वाचून झालं की हे अवजारांची पेटी उघडायचे. तिच्यात पान्हे, पक्कड आणि एक स्टीलचा पेला.

"तू जा आत. आता नुसतं निरीक्षण आहे."

निरीक्षण दोन तास चालायचं.

तेरावं झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू ना. मतलब, आता तिच्याकडे बघणार कोण?"

"मी."

"तू बॉनेट तरी उघडलंयस कधी?"

"पान सत्तावन्न मला पाठ आहे."

तो जयपूरच्या शाळांत वाढला, तिथल्याच सी-स्कीम भागात नोकरी करतो. मराठीत वाद घालताना लवकर दमतो. शेवटी त्याने अट घातली. शहराबाहेरच्या चौमूं गावापर्यंत जाऊन परत यायचं, गाडी मी चालवायची. उष्णतेचा काटा अर्ध्याच्या वर गेला तर गाडी विकायची. नाही गेला तर विषय बंद.

ठरल्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. पातळी खाली गेलेली. कूलंटचा डबा रिकामा. पण जिन्याखालच्या कपाटात, जुन्या टायरच्या मागे, हिरव्या द्रवाने भरलेली काचेची बाटली सापडली. तिच्यावर माझ्याच ग्रंथालयाची चिठ्ठी आणि यांचं अक्षर: 'कूलंट. विषारी. हात लावू नये.' यांचा नीटनेटकेपणा बघून डोळे भरून आले. मी हातात स्वयंपाकाचे मोजे घातले, नाकाला पदर बांधला आणि श्वास रोखून अर्धी बाटली रेडिएटरमध्ये ओतली. जरा दाट वाटलं. दाटपणाबद्दल पान सत्तावन्नवर काही नव्हतं.

शहर मागे पडलं तरी काटा जागेवर होता. मी मुलाकडे एकदा नुसतं बघितलं. तो खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, "आई, तू अत्तर लावलंयस?"

"सुतकातून उठलेली बाई अत्तर लावेल का?"

पण वास होता. आधी गार, वाळ्याचा. मग त्यात जळक्या साखरेचा. चौमूं थोडंसं राहिलं असताना काटा अर्ध्यावर आला, थबकला, आणि सावकाश वर निघाला. मी गाडी एका मिस्त्रीच्या टपरीपाशी उभी केली. इंजिन निवेपर्यंत तिघांनी चहा घेतला. मुलाने त्याचा चहा विजयी माणसासारखा घेतला.

मिस्त्रीने बॉनेटखाली डोकं घातलं. पाईप खालच्या बाजूने चिरला होता. मी तो वरूनच चाचपला होता. मिस्त्रीने चिरेपाशी बोट लावलं, वास घेतला, बोट दुसऱ्या बोटाला चिकटवून बघितलं.

"आंटीजी, रेडिएटर में खस का शरबत किसने डाला?"

खस म्हणजे वाळा. यांच्या रक्तात साखर निघाल्यापासून मी घरात सरबताची बाटली येऊ दिली नव्हती. बिस्किटांचे डबे मी कुलपात ठेवायचे. मला दोन तासांचं निरीक्षण आठवलं. मग पेला आठवला.

"बाबांनी," मुलगा म्हणाला, आणि टपरीच्या बाकावर बसून हसू लागला. त्या मंगळवारपासून तो हसला नव्हता. रडलाही नव्हता, ते आता दोन्ही एकदम करून घेतलं. मिस्त्रीने त्याला पाणी दिलं.

सावरल्यावर तो म्हणाला, "पण काटा वर गेला. मी जिंकलो."

"इंजिनात सरबत होतं. ही फेरी धरायची नाही."

"आई, ही चीटिंग आहे."

"तुझ्या बाबांची आहे. त्यांच्याशी भांड."

मिस्त्रीने नवा पाईप बसवला, रेडिएटर तीनदा धुतला, खरं कूलंट भरलं. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा चौमूंला गेलो. काटा अर्ध्याच्या खाली राहिला. मुलाने विषय बंद केला आणि लगेच दुसरा काढला: आता माझीही साखर तपासून घेऊ, मतलब, एकदा बघायला काय हरकत आहे. तपासली. थोडी निघाली. बिस्किटांच्या डब्यांची किल्ली आता त्याच्याकडे असते.

गाडी पोर्चमध्ये आहे. पेला पेटीत आहे. बाटली जिन्याखाली टायरच्या मागे आहे आणि तिच्यावरची चिठ्ठी तशीच आहे. रविवारी बॉनेट मी उघडते. मला दोन तास लागतात.