गोदावरी, पत्रिका आणि अडून बसलेलं मशीन

आमच्या घरी स्थळाच्या कामानं कुणी आलं की गोदावरी आधी त्याच्या चपला बघायची. माणूस आत येऊन टेकला की ही काहीतरी निमित्त काढून उंबऱ्यापर्यंत जाऊन यायची आणि स्वयंपाकघरात माझ्या कानाशी निकाल सांगायची. "डावी टाच पार झिजलीय. मानूस कडंकडंनं चालतंय. ह्याचा होकार लवकर यायचा न्हाय." मला चपलेत चपलेशिवाय काही दिसलं नाही कधी. पण तिचं बहुतेक खरं निघायचं, हे कबूल करतो.

गोदावरी म्हणजे माझी बायको. जुळे सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून ती लग्नं जुळवायची. दारावर पाटी नव्हती, तरी माढ्यापासून अक्कलकोटपर्यंतची माणसं पत्ता विचारत यायची. ती करकंबची, सातवी शिकलेली. मी चौथी, तीही मास्तरनं ढकलली म्हणून. जन्म सूतगिरणीत गेला. तिथल्या आवाजात माणूस ओरडून बोलतो, थोडं बोलतो आणि सरळ बोलतो. तीच खोड घरी आली. म्हणून पाहुणे आले की ती मला आतल्या खोलीत बसवायची.

एकदाच बाहेर बसू दिलं होतं. मुलगा टोपी घालून आलेला. मी म्हणालो, "घरात कशाला टोपी? हितं काय ऊन हाय?" पोरानं बिचाऱ्यानं टोपी काढली. मुलीची आई चहा अर्धा ठेवून उठली. ती माणसं गेल्यावर गोदावरी मला म्हणाली, "तुमचं तोंड म्हंजी बिनझाकनाचं पातेलं. उतू जातंय आन् गॅस माझा इझतोय."

आमच्या मुलानं पुण्याला नवा कम्प्युटर घेतला आणि जुना आईला आणून दिला. त्यात त्यानं पत्रिका जुळवायचा एक प्रोग्रामही टाकून दिला. दोघांच्या जन्मवेळा घातल्या की छत्तीसपैकी गुण किती ते छापून यायचं. एका बोटानं, ढेकूण चिरडावा तशी ती अक्षरं दाबायची. तिचा स्वतःचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. "पत्रिका बापाला लागती, पोरीला न्हाय," म्हणायची. पण बाप लोकांना मशीनच्या कागदाचा फार धाक. भटजीशी हुज्जत घालणारा गडीसुद्धा छापील कागद बघून गप्प व्हायचा.

तिचा धंद्यातला एक नियम होता. "आदी होय म्हनायचं. न्हाय म्हनायला आख्खं आयुष्य पडलंय." हा नियम तिनं कम्प्युटरलाही लावला. मशीन विचारायचं, हवामान दाखवू का? ही होय दाबायची. व्हायरसवर राखण ठेवू का? होय. अजून एक राखण? होय. एके दिवशी मशीननं विचारलं, जुनी सिस्टिम काढून नवी टाकू का? हिनं चहाचा कप हातात धरूनच होय दाबलं. दुपारभर मशीन आपलं आपण घुमत बसलं आणि संध्याकाळी नवा चेहरा घेऊन उघडलं. "बगा की, कसं उजळलंय," म्हणाली. मेकअप केलेल्या नवरीला बघून सासू म्हणते तसं.

चार दिवसांत त्या नवरीचा खरा स्वभाव कळला. बाण हलवला की घटकेनं हलायचा. मोहोळहून एक मंडळी मुलीचा फोटो बघायला आली. फोटो वरून खाली उघडायला लागला. आधी केस आले. मग कपाळ. चहा झाला, तेव्हा डोळे आले. नाकापाशी येऊन मशीन जे थांबलं ते थांबलंच. मुलाचा मामा उठला आणि म्हणाला, "बरंय काकू. हनुवटी बघाय उद्या येतो." मी आतल्या खोलीत हसलो, ते बाहेर ऐकू गेलं. त्या दिवशी मला रात्रीचं ताट उशिरा मिळालं.

हे सगळं एरवी चाललं असतं. पण नेमकी तेव्हाच श्रीपूरची सारिका अडकली होती.

सारिकाचे वडील दत्तूतात्या, उसाचे बागायतदार. आई नव्हती. पोरगी गुणी, बोलायला मोकळी, पण प्रत्येक ठिकाणी पत्रिका आडवी यायची. बघायला येणाऱ्यांना पोहे करून करून ती कंटाळली होती. गोदावरीला फोनवर म्हणाली, "काकू, माझा फोटो काढून टाका तुमच्यातनं. आता बास." गोदावरीनं तिला एकदा, फक्त एकदा, माढ्याच्या महेशला भेटायला लावलं. महेश ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवायचा. दोघं आमच्याच बाहेरच्या खोलीत बोलत बसली आणि पोहे गार झाले तरी उठली नाहीत. तात्या तेव्हा पलीकडं बसून पंख्याकडं बघत होते. जाताना म्हणाले, "वैनी, रविवारी येतो. मशीनचा कागद काढून ठिवा. भावकीला दाखवाय लागतोय. गुण बसलं तर सुपारी फोडू, न्हाईतर आपला इषय संपला."

ते गेल्यावर गोदावरी त्या बंद पडल्यासारख्या मशीनसमोर बसून राहिली. "हे मोडलं तर ती पोरगी परत कुनासमोर बसनार न्हाय," एवढंच म्हणाली. मग नागेशला फोन लावला.

नागेश अशोक चौकातला, पद्मशाली विणकराच्या घरातला, कम्प्युटर दुरुस्त करणारा. आईशी फोनवर तेलुगूत भांडायचा आणि आमच्याशी मराठीत. स्वतःबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "काकू, दहा मिनिटांचं काम आहे." पुढं तीन दिवस रोज जेवायला होता.

पहिल्या दिवशी त्यानं कुठलीशी यादी उघडली. मशीनची मेमरी कोण किती खातंय ते त्यात दिसतं. ती बघून तो मागं सरकला. "काय करून ठेवलाव हे, काकू? मशीन चालू झालं की ही सगळी आपोआप उठून बसतेत. कोण आहेत ही?"

"मीच बोलावलीत," गोदावरी म्हणाली. "इचारत होती. न्हाय कसं म्हनायचं?"

"तीन तीन राखणदार आहेत. तिघं एकमेकाला चोर समजून तपासाय लागलेत."

"मग दोघास्नी सुट्टी दे. तवर भाकरी खा."

त्यानं दोन राखणदार काढले, हवामान काढलं, पत्त्यांचे खेळ काढले, आपोआप उठणाऱ्या बाकीच्यांना झोपवलं. मशीन पळायला लागलं. नागेश मिशीवर हात फिरवत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन पुन्हा जागच्या जागी. आला तो म्हणाला, "नवी सिस्टिम आधी घरातलं सगळं सामान मोजून घेती काकू, जरा वेळ लागतो. उद्यापर्यंत दम धरा." दम धरला. काही फरक नाही. मी आतून म्हणालो, "पोराला काय येत न्हाय गं."

"काका, ऐकू येतंय मला," नागेश म्हणाला.

"ऐकू जावं म्हनूनच बोललो."

तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं बढाई मारली नाही. यादी उघडी ठेवून तो गोदावरीला म्हणाला, "तुम्ही रोजचं काम करा. मी नुसता बघतो." ती पत्रिका जुळवत बसली, हा शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात यादीवर डोळा लावून बसला. बऱ्याच वेळानं भाकरी तशीच हातात धरून म्हणाला, "सापडलं. तुमचा पत्रिकेचा प्रोग्राम. एक पत्रिका जुळवली की थोडी मेमरी घेतो. काम संपलं की सोडायला पाहिजे, सोडत नाही. दुसरी जुळवली की आणखी घेतो. नुसता घेतोय, परत देतच नाही."

"जावई हाय म्हन की," गोदावरी म्हणाली.

नागेशला ठसका लागला. पाणी पिऊन त्यानं पुढचं सांगितलं. प्रोग्राम जुना होता, नव्या सिस्टिमशी त्याचं पटत नव्हतं. त्याची नवी आवृत्ती कुणी काढली नव्हती. गोदावरी मशीन कधी बंदच करायची नाही, त्यामुळं त्यानं गिळलेलं पोटातच राहायचं. "काढून टाकावा लागेल. नाहीतर रोज असंच."

"काढ. पर त्याच्या आदी मला एक कागद काढून दे."

त्यानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सारिकाची आणि महेशची जन्मवेळ घातली. कागद बाहेर आला. तो मी हातात घेतला, कारण अक्षर नाही तरी आकडे मला वाचता येतात. छत्तीसपैकी अकरा.

अठराच्या खाली कुठलीच भावकी ऐकत नाही. गोदावरीनं माझ्या हातातून कागद घेतला, आत गेली, त्यावर मूठभर शेंगाचटणी घातली, पुडी बांधली आणि नागेशच्या हातात दिली. "आईला दे. म्हनावं, काकूनं दिलीय. आन् खाल्ल्यावर कागद चुलीत घाला. आता काढ त्या प्रोग्रामला. समूळ काढ."

"काकू, हे..."

"तू मशीनचा डाक्टर हायस का पोरीचा बाप?"

नागेशनं प्रोग्राम काढला.

रविवारी तात्या आले. मला आत बसायचा हुकूम होता, पण तात्या म्हणाले, "दादांना बसू द्या की हितंच. घरचंच काम हाय." गोदावरीला नाही म्हणता येईना. ती आत गेली आणि शेंगाची अख्खी पोळी घेऊन आली, कोरडी, तुपाशिवाय. "खावा," म्हणाली मला. तिच्या डोळ्यांकडं बघून मी निमूट तोंडात घातली. शेंगाची कोरडी पोळी तोंडात असताना माणसाला आपलं नावही सांगता येत नाही. बाई हुशार होती.

तात्यांनी विचारलं, "मग काढला का कागद?"

"तात्या, मशीनला नवी सिस्टिम टाकली."

"बरं."

"त्या सिस्टिमशी पत्रिकेच्या प्रोग्रामचं पटंनाच. लई गिळत हुता. मशीन अडून बसलं. डाक्टर आनला, त्यानं तीन दिवस तपासलं आन् म्हनाला, ह्यो काढाय लागंल. काढून टाकला. बगा तुमी, कुटं दिसतोय का."

तात्यांनी पडद्याकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पोळी अडकल्यामुळं.

"म्हंजी मशीनच नको म्हनतंय पत्रिका?"

"नव्या काळाचं हाय ते," गोदावरी म्हणाली. "आपून जुनी मानसं. आपल्याला काय कळतंय?"

तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घालून सावकाश प्यायले आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "खरं हाय. मशीनपुढं आपलं काय चालनार. भावकीला तसंच सांगतो."

सारिकाचं लग्न माढ्याला झालं. मी भरपूर जेवलो. परतताना एसटीत गोदावरीला म्हणालो, "बापाला फसवलंस तू." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "खोटं एक अक्षर बोलले न्हाय. मोजा पायजे तर." मी मोजलं. खरंच बोलली नव्हती.

गेल्या पौषात ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी नव्हती. अजून फोन येतात, काकू आहेत का म्हणून. "गेली" म्हणतो आणि ठेवतो. लोकांना वाईट वाटत असेल माझ्या बोलण्याचं, पण लांबवून सांगितलं तर मलाच पुरं करता येत नाही. कम्प्युटर आता चांगला पळतो. घरात त्याला काम सांगणारं कुणी नाही.

गळीत हंगाम आटोपल्यावर तात्या भेटायला आले. आधी येता आलं नाही म्हणून चुटपुटत होते. सारिकाला मुलगी झाल्याचं सांगितलं. मी चहा केला, तो फार गोड झाला, त्यांनी गुमान प्यायला. मग मान खाली घालून म्हणाले, "दादा, आता वैनी न्हाईत म्हनून इचारतो. त्या वक्ताला गुण किती आलं हुतं?"

माझ्या तोंडात या वेळी पोळी नव्हती. "अकरा," मी म्हणालो.

"व्हय. अकराच."

"तुमास्नी कुटनं कळलं?" मी विचारलं.

"रविवारी तुमच्याकडं यायच्या आदी मी पंढरपुरात एका भटजीकडनं काढून घेतलं हुतं की. त्येनं बी अकराच सांगितलं. रातभर झोप न्हाय. पोरीनं त्या पोराशी बोलताना पोहं गार केलं हुतं, ते मी बगितलं हुतं. वाटलं, वैनी काय तरी वाट काढतील. मला काय, भावकीला सांगाय एक कारन पायजे हुतं. त्यांनी लई झ्याक दिलं."

तात्या एसटी गाठायला निघून गेले. मी बराच वेळ तिथंच बसलो आणि एकटाच हसलो. अर्ध्या जिल्ह्याला बोलण्यात गुंडाळणाऱ्या माझ्या बायकोला कुणीतरी एकदा गुंडाळलं होतं, तेही पंख्याकडं बघत बसणाऱ्या एका बापानं. सगळ्या संसारात एकही बातमी अशी नव्हती, जी तिच्या आधी मला कळली. ही पहिलीच. आणि सांगायची कुणाला?