पुसदपर्यंतची धग

इंझोरी आणि आसपासच्या तांड्यांत बाळंतपणं करायला त्या काळी, म्हणजे एकोणीसशे तीसच्या पुढंमागं, एकच हक्काचं माणूस होतं: गोजराबाई सुईण. तोंडानं फटकळ. घरात पाऊल टाकलं की चूल, न्हाणी आणि सासू, तिघींना कामाला लावणारी. पण कुणी "गोजराबाईसारखा शेक कोणाले जमत नाई" म्हटलं, की हीच बाई लाजून पदर सावरायची.

कारण शेकाचं माप तिचं स्वतःचं होतं. शेगडीतल्या निखाऱ्यांवर वीतभर उंच तळहात धरायचा आणि माहेराहून निघणाऱ्या वाटेवरची गावं संथपणे म्हणायची: धनज, कारंजा, इंझोरी, मानोरा, दिग्रस, पुसद. हात जिथं मागं घ्यावा लागेल, ते त्या धगीचं गाव. कारंजालाच हात ओढला तर धग कडक, पुसदपर्यंत टिकला तर मवाळ. "बाळंतिणीले मानोरा, लेकराले पुसद," हा तिचा कायदा. धनज तिचं माहेर, इंझोरी सासर. पुसद तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, पण तिथली धग तिला पक्की ठाऊक होती.

आता सगळ्यांचे हात सारखे कुठून असणार! मानोऱ्याच्या वाटेवरच्या तांड्यात रुपाबाई राहायची. बाभळीची लाकडं फोडून तिचे हात निबर झालेले. ज्या शेगडीवर गोजराबाई मानोऱ्याला हात ओढी, तिथं रुपाबाई खुशाल दिग्रस गाठायची. गोजराबाईनं हा फरकही ध्यानात ठेवला होता. स्वतःला जाता आलं नाही की ती निरोप धाडायची, "रुपाबाईले सांगा, तुहं दिग्रस म्हंजे माहं मानोरा. अन् लेकरासाठी पुसदच्या पुढं आनखी एक गाव जाय." कोवळ्या हाताच्या सुनांना उलटं सांगायची, "तुहं कारंजा आलं का थांब वो, तेच माहं मानोरा." गावातल्या प्रत्येक बाईचा हात असा तिच्या हातात बदलून घेतलेला होता. आणि तिचा हात मात्र कुणात बदलायची गरज नव्हती, कारण माप तोच होता.

अलीकडं तिची एकच कुरकुर असे. "आताच्या लाकडांत जीवच नाई राह्यला," म्हणत ती शेगडीत दोन निखारे जास्तीचे टाकायची.

तिची एकुलती लेक विजयमाला. लग्नानंतर फार उशिरा तिला दिवस गेले, आणि ती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. गोजराबाईला इतका आनंद झाला की शेजारणींवर ओरडायचंही ती विसरली. पहिल्या शेकाच्या दिवशी तिनं शेगडी पेटवली, हात धरला, पुसदपर्यंत सगळी गावं म्हणाली आणि नात पायांवर घेऊन धगीवर धरली.

पोर असं किंचाळलं की विजयमाला बाजेवरून उठून धावली. पाठ लाल झाली होती, एका जागी फोड उठू लागला होता.

"माय, किती निखारे टाकले वो!"

"पुसद हाय. मी मोजलं ना!"

विजयमालानं स्वतःचा हात शेगडीवर धरला. "धनज," ती म्हणाली, आणि कारंजा म्हणायच्या आत तिनं हात ओढला.

गोजराबाईनं पुन्हा हात धरला. धनज, कारंजा, पुसद, पुन्हा धनज. काहीच होईना. जन्मभर निखाऱ्यांवर धरलेला तळहात जळून जळून बधिर झाला होता. लाकडांत जीव होता, हातातच उरला नव्हता. या दोन-तीन वर्षांत किती लेकरं तिनं अशी धरली होती! रडली की "पोट्टं रडकंच हाय" म्हणून तीच हसली होती.

नातीच्या पाठीला खोबरेल लावून ती तशीच तांड्यावर गेली. रुपाबाई दारात लाकडं रचत होती.

"रुपाबाई, खरं सांग. तुह्या लेकीच्या, सोनीच्या लेकराले मी भाजलं का?"

रुपाबाईनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "नाई भाजलं. तू पाठ फिरवली का मी अर्धे निखारे काढून घेत होती. तुह्या गावातल्या सासवाबी तसंच करून राह्यल्या. आता तुहं पुसद म्हंजे आमचं कारंजा, आमी असंच धरतो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुह्या हातानं आमची पोट्टी जगली वो. त्या हाताले मेला म्हनाले कोनाची जीभ उचलन?"

"अन् माह्या नातीची पाठ?"

सगळ्या घरांत गोजराबाईला सांभाळून घेणारं कुणीतरी होतं, फक्त तिच्या स्वतःच्या घरात कुणी नव्हतं. रुपाबाईचे डोळे भरले. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि इंझोरीची वाट धरली. गोजराबाई रागानं दोन पावलं मागं चालत राहिली, पण परत जा असं काही म्हणाली नाही.

पाठ बरी होईस्तोवर शेक बंद होता. रुपाबाई रोज येऊन बघून जायची. मग पुन्हा शेगडी पेटली. रुपाबाईनं निखाऱ्यांवर हात धरला आणि गोजराबाई म्हणू लागली, धनज, कारंजा, इंझोरी, मानोरा, दिग्रस, पुसद. तिथं ती अडली. रुपाबाईच्या हाताला आणखी एक गाव जायला हवं होतं, आणि इतकी वर्षं निरोप धाडूनही त्या गावाचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

"उमरखेड," रुपाबाई म्हणाली. तांड्याबरोबर ती तिथवर जाऊन आली होती.

"उमरखेड," गोजराबाई म्हणाली. रुपाबाईनं हात मागं घेतला.

नात धगीवर शांत पडून राहिली, मग झोपली. पाठ ऊन झाली की नाही ते गोजराबाईच्या तळहाताला कळेना. तिनं वाकून त्या पाठीला आपला गाल लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.